पावरीची फुंक तुटत कशी नाही?

प्रश्न : ताई, मी धुळ्याला जॉबला आहे, मूळ गाव साक्री तालुक्यात. मार्गशीर्षात गावाकडे आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवातल्या नाचात पावरी (भोपळा आणि बांबूचं फुंकवाद्य) ऐकली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. वाजवणारे बाबा फुंक तोडतच नव्हते, श्वास घेतात तरी कधी? मला पावरी शिकायचीय, जमलं तर डफ पण. यूट्यूबवरून होईल का, सुरुवात कशापासून करू?

– एक वाचक, धुळे

उत्तर : भाऊ, श्वास ते घेतातच, फक्त नाकाने, आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा दाबून पुढे ढकलत राहतात. बासरीत आपण फुंक छिद्राच्या धारेवर मारतो, सनईत पत्ती थेट ओठात असते, पण पावरीत फुंक आधी वाळलेल्या दुधी भोपळ्यात जाते आणि आवाज करणाऱ्या जिभल्या, म्हणजे पातळ पत्त्या, त्या भोपळ्याच्या आत, बांबूच्या नळ्यांना असतात, म्हणजे ओठ आणि जीभ तिथपर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे सूर जिभेने तोडता येत नाही, जे काय करायचं ते छिद्रांवरच्या बोटांनी. म्हणून तो आवाज असा अखंड वाहत राहतो, आणि मला तर पावरीचं सगळं सौंदर्य त्यातच वाटतं.

घरी करून बघा : ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉने बुडबुडे काढत रहा आणि नाकाने श्वास घेताना बुडबुडे थांबू देऊ नका. आधी अजिबात जमणार नाही, मग एखाद्या दिवशी अचानक जमतं. चक्कर आल्यासारखं झालं की लगेच थांबायचं. बोटांसाठी सहा छिद्रांची साधी बासरी घ्या.

पण पावरी विकत घ्यायची घाई करू नका, प्लीज. तिकडे ती देवाच्या कामाची वस्तू आहे, नाचणाऱ्यांची पावलं तिच्या सुरावर बदलतात, कुठला सूर कधी लावायचा हे नाचात उभं राहूनच कळतं, ते यूट्यूबवर नाही मिळणार. त्या बाबांकडेच जा, आधी नुसतं बसा, शिकवाल का ते नंतर विचारा. हात लावायचा तोही विचारूनच, आणि नाही म्हणाले तर राग मानू नका.

डफ मात्र आजपासून सुरू करा. आपल्याकडे वही (डफाच्या साथीने गायची खानदेशी लोकगीतं) गाणाऱ्यांचा फड असेल तर त्यांच्या मागे बसून आधी टाळ्यांनी ठेका धरा, मग हातात डफ. कातडं दमट हवेत ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून श्रावणात कानबाई या आपल्या खानदेशी देवीच्या उत्सवाच्या वेळी वाजवायच्या आधी डफ शेकावा लागतो. शेकताना आगीच्या फार जवळ धरू नका, फिरवत रहा, मधेमधे बोटाने टिचकी मारून ऐका, आवाज खणखणीत झाला की बास, जास्त तापवलं तर कातडं फाटतं. आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात डफ गाडीत किंवा गच्चीवर ठेवायचाच नाही.

होळीला सुट्टी मिळाली तर अक्कलकुवा तालुक्यात काठी गावाची होळी बघून या, रात्रभर ढोल आणि बासऱ्या चालतात. मोबाईल खिशात ठेवा, शूटिंग करायचं तर आधी विचारा, आणि ढोलवाल्याच्या हातापेक्षा पायाकडे बघा, ठेका तिथे लवकर सापडतो.