सुपरचार्जरच्या आधी टायर घे

अरे बाबा,

मेसेज वाचला, फोटो पण बघितले. २०१८ ची मस्टँग जीटी, ती पण मॅन्युअल, मस्त घेतलीस. पण गाडी दारात येऊन आठवडा नाही झाला आणि तू सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) किटच्या किमती विचारतोयस, म्हणून लिहूनच पाठवतोय, फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

तुझी गाडी कंपनीतूनच ४६० हॉर्सपॉवरची, आणि साध्या ट्रिमला मागे २३५ मिलिमीटर रुंदीचे ऑल-सीझन टायर. पहिल्या गिअरला आत्ताच चाकं जागच्या जागी फिरत असतील. त्यावर अजून दोनशे घोडे घातलेस तर धूर वाढेल, दुसरं काय. मी तेच करून बसलोय रे, सुपरचार्जर नवा आणि टायर, क्लच जुनेच, ड्रॅगस्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) पाव मैलाला टाइम जेमतेम सुधारला आणि तिसऱ्या रनला क्लच जळल्याचा वास, मग गाडी ट्रकवर घालून घरी. तुझी काकू म्हणाली, आवाज मात्र छान येतो हो.

डॉजची २०१८ ची डीमन बघ, कंपनीनेच ट्यून केलेली गाडी म्हण ना. त्यांचीच हेलकॅट ७०७ हॉर्सपॉवरची, ही पंपावरच्या पेट्रोलवर ८०८ आणि १०० ऑक्टेनवर ८४०. सगळे एवढंच सांगतात, फार तर सुपरचार्जर २.४ चा २.७ लिटर केला म्हणतात. पण चारही चाकांना ३१५ चे ड्रॅग रेडियल (शर्यतीचे चिकट टायर) दिले, ऑटोमॅटिक हेलकॅटचा फायनल ड्राइव्ह (मागच्या एक्सलचा गिअर रेशो) २.६२ होता तो ३.०९ केला, वजनासाठी ड्रायव्हरची सोडून बाकी सीटा काढल्या (हव्या तर एक डॉलरला परत!) आणि एसीचा गारवा केबिनऐवजी दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवला, त्याबद्दल कोणी बोलतच नाही. ते एसीचं डोकं ज्याने लावलं त्याला आपला सलाम.

कारण खरी मारामारी उष्णतेशी आहे. हवा दाबली की तापते, तापली की नॉकिंगचा (पेट्रोल आपोआप भडकण्याचा) धोका, मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पॉवर गायब, म्हणून पहिला रन झकास आणि तिसरा ढिला. त्यात तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुळात १२:१, म्हणजे बूस्टला (सुपरचार्जरच्या दाबाला) जागा कमी. सुपरचार्जरला छोटी पुली लावून बूस्ट वाढवायचा मोह आत्ता तरी आवर.

ई८५ (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) नॉकिंग टाळायला चांगलं, पण ते साधारण तीसेक टक्के जास्त लागतं, तेव्हा इंजेक्टर आणि फ्युएल पंप मोठे हवेत. शिवाय पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, हिवाळ्यात कमीच, म्हणून इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स फ्युएल सेन्सर लावल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस. एक्झॉस्ट कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मागचा बदल, आवाजासाठी बदलतोयस हे मान्य करून. कॅटला हात लावायचा नाही, ते बेकायदा आहे.

तर या सीझनला फक्त चांगले टायर, ३.७३ चा रिअर गिअर जमला तर बघ, आणि ९३ ऑक्टेन पेट्रोलसाठी ईसीयूचं ट्यून. त्याआधी स्टॉक गाडी एकदा डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) चढव, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? डायनोची शीट आणि इंजिनचा डेटालॉग मला पाठव, रविवारी बसून बघू. तोपर्यंत ते किट कार्टमधून काढ.

तुझा काका