कर्करोग नोंदणी (कोणाला कर्करोग झाला याची यादी) जनगणनेशी जोडून, म्हणजे दोन्हीकडचा तोच माणूस जुळवून, काढलेले व्यवसायाबद्दलचे निष्कर्ष कितपत भरवशाचे असतात?
जोडणी कशाच्या आधारे केली, यावर बरंच अवलंबून आहे. स्वीडनमध्ये १९४७ पासून आणि डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाला ओळख क्रमांक आहे. तिथे भलत्याच माणसाशी जोडणी होण्याची भीती जवळजवळ नाही. पाच नॉर्डिक देशांनी (स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड, आइसलँड) सुमारे दीड कोटी लोकांच्या जनगणनेतला व्यवसाय कर्करोग नोंदणीशी असाच जोडला. क्रमांक नसेल तर नाव, जन्मतारीख, पत्ता यांवरून अंदाजाने जुळवावं लागतं. मग लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका, सतत जागा बदलणारे मजूर निसटतात. ही गळती सगळ्या व्यवसायांत सारखी नसते, दुखणं तिथे आहे. चुकून जुळलेल्या जोड्या बहुधा खरा फरक पुसट करतात, एवढंच.

पण माझ्या मते मोठी गोम दुसरीकडेच आहे. माणूस बरोबर सापडला, तरी त्याचा व्यवसाय बरोबर असेलच असं नाही. जनगणना त्या सुमाराचं काम विचारते. वीस वर्षं खाणीत काढून आता पहारेकरी झालेला माणूस कागदावर पहारेकरीच! आणि कर्करोगाचं मूळ बरेचदा दशकांमागे असतं. (धूम्रपानाची नोंद बहुतेक जनगणनांत नसते, तो वेगळाच ताप.) म्हणून जुळणीची टक्केवारी बघण्याआधी मी व्यवसाय किती जनगणनांमधून घेतलाय ते बघतो.