वाचकांचे प्रश्न : मधुमेहींच्या ताटातील नूडल्स

प्रश्न : माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि घरातल्या मुलांना दर आठवड्याला नूडल्स हव्या असतात. सर्वांना एकत्र बसून खाता येईल अशा कमी कर्बोदकांच्या नूडल्स कराव्यात असे मनात आहे. पाककृतींमध्ये सांगितलेली झुकिनी आमच्या बाजारात मिळत नाही, म्हणून दुधीच्या लांब पट्ट्या करून पाहिल्या, परंतु कढईत इतके पाणी सुटले की त्याची रस्साभाजीच झाली. यावर काही उपाय आहे का?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : झुकिनी मिळत नाही याची खंत आपण मुळीच करू नये. झुकिनी आणि दुधी एकाच भोपळावर्गातील आहेत, आणि दुधीत १०० ग्रॅममागे जेमतेम ३ ते ४ ग्रॅम कर्बोदके असतात. याउलट मैद्याच्या कोरड्या नूडल्समध्ये १०० ग्रॅममागे ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे आपली निवड योग्यच होती. प्रश्न फक्त पाण्याचा आहे. दुधीच्या वजनाचा सुमारे ९५ टक्के भाग पाणीच असतो आणि मीठ लागताच ते सुटू लागते. हे पाणी कढईत सुटण्याआधी बाहेर काढून टाकणे, हेच या पदार्थातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

त्यासाठी कोवळा, नखाने सहज टोचला जाईल असा दुधी घ्यावा. तो चिरल्यावर सर्वप्रथम एक लहानसा तुकडा कच्चाच चाखून पाहावा. किंचितही कडू लागला, तर तो दुधी निःसंकोच फेकून द्यावा, कारण कडू दुधीतील द्रव्ये विषारी असतात आणि शिजवल्याने ती निघून जात नाहीत. चांगला दुधी सोलून, मधला बियांचा मऊ भाग पूर्णपणे वगळून, बाहेरच्या घट्ट गराच्या लांब, काडीपेटीतील काडीच्या दुप्पट जाडीच्या पट्ट्या कापाव्यात. किसणीवर केलेला बारीक कीस येथे उपयोगाचा नाही, कारण तो आचेवर विरघळून जातो. या पट्ट्यांना ३०० ग्रॅममागे अर्धा लहान चमचा मीठ चोळून त्या चाळणीत पंधरा मिनिटे ठेवाव्यात आणि नंतर स्वच्छ सुती पंच्यात घालून दोन्ही हातांनी घट्ट पिळाव्यात. पिळलेली पट्टी बोटाभोवती गुंडाळली तरी तुटली नाही, म्हणजे ती कढईत जाण्यास तयार झाली असे समजावे. निघालेले पाणी खारट असते, म्हणून ते आमटीत घातल्यास तेवढे मीठ कमी करावे.

केवळ दुधीवर मात्र विसंबू नये. दुधीला स्वतःची अशी चव फारशी नसते, तर कोबीला गोडसर चव आणि दाताखाली येणारा करकरीतपणा असतो, म्हणून दोन्ही मिळून पदार्थ अधिक भरीव होतो. कोबीचा गड्डा अर्धा कापून, पाने पसरलेल्या दिशेने अर्ध्या सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापाव्यात. थंडीत बाजारात नवलकोल दिसला, तर तोही अवश्य घ्यावा. माझ्या मते नूडल्सच्या जवळ जाणारी पट्टी त्याच्याइतकी दुसऱ्या कोणत्याच भाजीची होत नाही. आपल्या भागात घड काढल्यावर केळीची खोडे शेतातच पडून राहतात, त्यांतील पांढराशुभ्र गाभाही या कामी येतो. तो चकत्या करून कापताना तंतू लांबत येतात, ते बोटाला गुंडाळून काढून टाकावेत आणि चकत्यांच्या पट्ट्या करून ताकात बुडवून ठेवाव्यात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. कच्ची केळी मात्र या यादीत नको, कारण ती पिठूळ असतात आणि तिथे पथ्याचा हेतूच नाहीसा होतो.

आता प्रथिनांविषयी. भाज्यांच्या पट्ट्यांनी पोट तात्पुरते भरते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते, म्हणून या पदार्थात अंडे, पनीर किंवा टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) असलाच पाहिजे. अंडी चालत असतील, तर तीन अंडी चिमूटभर मीठ घालून फेटावीत, तव्यावर धिरड्यासारखी पातळ पसरावीत, गार झाल्यावर गुंडाळी करून सुरीने बारीक कापावीत. गुंडाळी उलगडली की पिवळ्या, लांब पट्ट्या हाती येतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके जवळजवळ नसतात. अंडी वर्ज्य असतील, तर पनीरचे लांबट तुकडे घ्यावेत. आपल्याकडे पातोडीसाठी बेसन शिजवून ताटाला थापतात, त्याच पद्धतीने ते पातळ थापून त्याच्या पट्ट्याही कापता येतात, मात्र बेसनात १०० ग्रॅममागे ५५ ते ६० ग्रॅम कर्बोदके असल्याने दोघांसाठी ३० ग्रॅमपेक्षा अधिक बेसन घेऊ नये. या पट्ट्या हळव्या असतात, म्हणून त्या गॅस बंद केल्यावरच मिसळाव्यात.

दोघांसाठी पिळण्यापूर्वीचे ३०० ग्रॅम दुधी, २०० ग्रॅम कोबी, एक ढोबळी मिरची, अर्धे गाजर, मूठभर कांद्याची पात, सात-आठ लसूणपाकळ्या, पेरभर आले आणि तीन अंडी एवढे साहित्य पुरेसे होते. सर्व चिरून, ओले असल्यास पुसून, हाताशी ठेवल्याशिवाय गॅस पेटवू नये. रुंद लोखंडी कढई चांगली तापवून तीत दीड मोठा चमचा शेंगदाण्याचे तेल घालावे. घाण्याचे तेल रिफाइंड तेलापेक्षा लवकर धुरावते, म्हणून ते वापरत असल्यास धूर दिसण्याची वाट न पाहता लगेच ठेचलेले आले-लसूण टाकावे. मग गाजर आणि ढोबळी मिरची, एका मिनिटाने कोबी, त्यानंतर दोन मिनिटांनी पिळलेला दुधी आणि शेवटी अंड्याच्या पट्ट्या व पात, असा क्रम ठेवावा. आच सतत मोठी असावी आणि कढईवर झाकण कधीही ठेवू नये, कारण झाकणाखाली अडलेली वाफ पुन्हा पाणी होऊनच भाजीत उतरते. चार जणांचे साहित्य एकाच वेळी कढईत घातले, तर कढई थंड पडते आणि भाजी परतली न जाता उकडली जाते, म्हणून ते दोन वेळा करावे.

बाटलीतील सॉसकडे मधुमेही घरांत फारच कमी लक्ष दिले जाते, याचे मला वाईट वाटते. टोमॅटो केचप आणि बहुतेक चिली सॉस यांत साखर असते, आणि दाटपणासाठी बाहेर सर्रास कॉर्नफ्लोअर कालवून घातले जाते. भाज्या चिरून वाचवलेली कर्बोदके अशा प्रकारे मागच्या दाराने परत येतात. चिली सॉसऐवजी आपला हिरव्या मिरचीचा लसूण-शेंगदाणे घातलेला ठेचा एक लहान चमचा घालून पाहावा. तो या पदार्थाला इतका साजतो की मग बाटलीची आठवण होत नाही. सोया सॉस दोन लहान चमचे पुरतो. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि दुधीला मीठ आधीच लावलेले असते, त्यामुळे वरून पुन्हा मीठ घालू नये. उतरवताना अर्धे लिंबू पिळून भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट पेरावे. अशा एका वाढणीत चोथा (न पचणारा तंतुमय भाग) धरून साधारण २० ग्रॅम कर्बोदके होतात, तर ७५ ग्रॅम कोरड्या मैद्याच्या नूडल्समधूनच ५० ग्रॅमहून अधिक येतात.

मुलांच्या बाबतीत मात्र वेगळे सांगायचे आहे. वाढत्या वयातील निरोगी मुलांना कर्बोदके कमी करण्याची गरज नसते. त्यांच्यासाठी थोड्या साध्या नूडल्स उकडून ठेवाव्यात आणि सासूबाईंचे ताट वाढून झाल्यावर उरलेल्या भाजीत त्या परताव्यात. अशा रीतीने एकाच तयारीत दोन्ही ताटे होतात. सासूबाई इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर जेवणातील कर्बोदके एकदम घटवल्याने रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, म्हणून हा पदार्थ नियमित सुरू करण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे.

प्रश्न : मुलाने पुण्याहून कोंजॅकच्या नूडल्सची पाकिटे आणली आहेत. पाकीट उघडताच माशासारखा वास येतो. त्या खराब झाल्या असतील का?
— एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : पाकिटावरील मुदत संपलेली नसेल आणि पाकीट फुगलेले नसेल, तर त्या खराब नाहीत. कोंजॅक हा आपल्या सुरणाच्याच कुळातील कंद आहे. त्याचे पीठ चुन्याच्या निवळीसारख्या अल्कधर्मी पाण्यात घट्ट केले जाते आणि तो वास त्या पाण्याचा असतो. नूडल्स चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली चांगल्या धुवाव्यात, दोन-तीन मिनिटे उकळाव्यात आणि नंतर तेल न घालता कोरड्या तव्यावर वाफ येणे थांबेपर्यंत परताव्यात. ही शेवटची पायरी गाळल्यास मसाला त्यांना धरत नाही. त्यांत जवळजवळ सर्व पाणी आणि थोडासा विद्राव्य चोथा असतो, प्रथिने नसतात, म्हणून सोबत अंडे किंवा पनीर हवेच. वृद्धांना गिळण्याचा त्रास असेल, तर त्या देऊ नयेत. इतरांनीही त्या तुकडे करून, नीट चावून खाव्यात.

प्रश्न : गव्हाच्या पिठाच्या नूडल्स, घरच्या शेवया किंवा मुगाच्या पारदर्शक नूडल्स पथ्याला चालतील का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : कमी कर्बोदकांचे पदार्थ म्हणून यांपैकी एकही चालणार नाही. गव्हाच्या पिठात चोथा अधिक असतो हे खरे, पण कर्बोदके मैद्याच्या जवळपासच राहतात, आणि शेवयांचेही तसेच आहे. मुगाच्या पारदर्शक नूडल्सविषयी तर मोठाच गैरसमज आहे. त्या अख्ख्या मुगाच्या नसून मुगातील प्रथिने वेगळी काढल्यावर उरलेल्या स्टार्चच्या असतात, त्यामुळे मुगाचा पौष्टिकपणा त्यांत उतरत नाही.

उन्हाळ्यात हाताने केलेल्या शेवया घरात असताना त्या सोडवत नाहीत, हे मी समजू शकते. अशा वेळी माणशी १५ ग्रॅम, म्हणजे अगदी छोटी मूठ, कोरड्या भाजून, उकडून, वर सांगितलेल्या भाज्यांच्या भरपूर पट्ट्यांत मिसळावी आणि ताटातली भाजी व अंडे आधी खाऊन शेवया शेवटी खाव्यात, म्हणजे जेवणानंतरची साखर तितक्या वेगाने चढत नाही. त्या दिवशी सोबत भाकरी किंवा पोळी घेऊ नये.