आखाड्याशेजारी रंगभूमी

प्रश्न : ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा बातम्यांत खासबाग मैदानाचेही नाव येत होते. नाट्यगृह आणि कुस्तीचे मैदान एकमेकांना लागून कसे? शिवाय आमच्या घरातील वडीलधारी मंडळी या नाट्यगृहाला ‘पॅलेस थिएटर’ का म्हणतात?

उत्तर : हा शेजार योगायोगाने जुळलेला नाही. दोन्ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांनी उभारल्या. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात रोममधील प्राचीन वर्तुळाकार प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यात आले आणि आपल्या मल्लांसाठीही असे मैदान हवे, हे त्यांच्या मनाने घेतले. १९०७ मध्ये हाती घेतलेले खासबागेचे काम १९१२ मध्ये पूर्ण झाले.

कधी कोल्हापूरला गेलात, तर या मैदानाच्या सर्वांत वरच्या कडेला जाऊन अवश्य बसा. चहूबाजूंनी जमीन मधल्या हौद्याकडे अशी उतरत जाते की पुढच्याचा फेटा मागच्याच्या नजरेआड येत नाही आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डावाची पकड स्पष्ट दिसते. हौद्यातील तांबडी माती ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून मुरवलेली असते. मुठीत घेतली तर ती मऊ लागते आणि हाताला तिचा आंबूस वास राहतो.

प्रेक्षकांची हीच काळजी नाट्यगृहातही घेतलेली होती. मैदानानंतर तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, ते बांधून झाले आणि रंगमंच व प्रेक्षक यांच्यामध्ये एकही खांब येणार नाही, अशी त्याची रचना होती. ज्या दरबारात मल्लांना खुराक मिळत होता, त्याच दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते. कुस्ती रांगड्यांची आणि नाटक जाणकारांचे, अशी वाटणी महाराजांनी मानलीच नाही, असे मला या शेजाराकडे पाहून नेहमी वाटते.

‘पॅलेस थिएटर’ हे नाट्यगृहाचे मूळ नाव. १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव देण्यात आले. कोल्हापुरात १८९० मध्ये जन्मलेल्या या गायक नटाने १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. टिळक स्वराज्य फंडासाठी जुलै १९२१ मध्ये मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते बालगंधर्वांसमोर उभे राहिले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांची जयंती ९ ऑगस्टला असते. आग लागली ती ८ ऑगस्टच्या रात्री. खासबागेच्या बाजूचा मंचही तिच्यात सापडला, म्हणून बातम्यांत दोन्ही नावे एकत्र आली. बातमी कळताच गावातील रंगकर्मी तिथे धावत आले आणि जळते छत पाहताना त्यांतल्या अनेकांना रडू आवरले नाही.