अठरा विहिरींच्या चोवीस झाल्या

प्रश्न : मॅडम, मी नागपुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. 2019 च्या मे महिन्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी कळमेश्वर तालुक्यातल्या 18 विहिरींचं पाणी तपासलं होतं. बाबांच्या स्कूटरला क्रेट बांधून बाटल्या आणायचे. परवा गाईडसरांचा 2023 चा पेपर सापडला. तक्ता माझाच, आलेखही माझेच. लेखक मात्र सर आणि एक अनोळखी नाव. नमुने 24 दाखवलेत, मी तर 18च घेतले होते. 11 नंबरच्या विहिरीचं क्लोराइड मी पहिल्या मसुद्यात चुकून 412 टाइप केलं होतं, बांधलेल्या प्रतीत 142 असं दुरुस्त केलं. पेपरात 412च छापलंय! फोन केला तर सर म्हणाले, "नावाचं काय लोणचं घालतेस का? प्रोजेक्ट डिपार्टमेंटचा असतो." शिवाय नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 8 टक्केच साम्य येतं, जर्नलही यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) केअर यादीतलं, म्हणजे मान्य जर्नलांच्या यादीतलं होतं, असं त्यांचं म्हणणं. पेपरला माझं नाव लागू शकेल का? तक्ता सोबत पाठवतेय. (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : एकेरीत लिहिते, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुली तुझ्याच वयाच्या असतील. तक्ता आला तशी चहा बाजूला ठेवून कॅल्क्युलेटर घेऊन बसले. निवृत्त झाले तरी ही खोड गेलेली नाही.

पाण्यातले धन आयन आणि ऋण आयन यांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे वजनाऐवजी विद्युतभाराच्या हिशेबात, जवळजवळ सारखी यायला हवी, हे तुला सांगायला नको. फरक दोन्ही मिळून येणाऱ्या बेरजेच्या पाच टक्क्यांच्या आत, फार तर दहा. तुझ्या 17 ओळी चोख जुळल्या. अकरावी जुळेना. धन 9.1 आणि ऋण 16.6. तिथे 412 खोडून 142 घातलं, तर ऋण बरोबर 9.0 वर आले. पोरी, तुझी टायपिंगची चूकच तुझी साक्षीदार आहे. दोन माणसं एकच विहीर स्वतंत्रपणे तपासू शकतात, पण दोघांच्या हातून आकड्यांची हीच उलटापालट होत नाही. तो मसुदा ज्या मेलला जोडून सरांना पाठवला होतास, तो मेल आधी शोध. डिलीट झाला असेल तर तुझ्या सेंटमध्ये तरी असेल.

पण तू विचारलंस नावाचं, आणि खरी गोष्ट एका वाक्यात सांगून पुढे गेलीस. त्या जास्तीच्या सहा विहिरी! 19 ते 24 या ओळींत एकही बेरीज जुळत नाही. 21 व्या ओळीत धन 7.9, ऋण 12.3, म्हणजे सुमारे 22 टक्क्यांचा फरक. हे आकडे बसल्या जागी लिहिले असतील, किंवा नंतरच्या एखाद्या विद्यार्थ्याने घाईत केलेलं काम असेल. काय ते मला इथे बसून सांगता येणार नाही, तुलाही नाही. म्हणून संपादकांना लिहिताना "बनावट" हा शब्द वापरू नकोस. "हे सहा नमुने मी घेतलेले नाहीत, त्यांचा आयन-ताळा जुळत नाही, कृपया मूळ नोंदी मागवाव्यात," एवढंच लिही. आणि आता विचार कर, अशा पेपरला तुला नाव खरंच लावून हवंय का? लेखक म्हणून नाव लागलं की त्या सहा विहिरींचा जबाबही तुलाच द्यावा लागेल.

सरांच्या 8 टक्क्यांचं म्हणशील, तर सॉफ्टवेअर वाक्यं जुळवतं. न छापलेल्या प्रोजेक्टातला तक्ता त्याला दिसणार कुठून? यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही हे खरं, पण म्हणून दुसऱ्याचं मोजमाप आपलं होत नाही. केअर यादीचं तर नावच काढू नकोस, ती फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनेच बंद केली.

आता संपादक काय करू शकतात ते ऐक. मी अकरा वर्षं एक छोटं जर्नल चालवलं, तेव्हा हे आतून पाहिलेलं आहे. लेखक कोण, याचा निवाडा संपादक करत नाहीत. कोप, म्हणजे 1997 साली ब्रिटनमध्ये संपादकांनीच सुरू केलेली प्रकाशन-नीतीची समिती, हेच सांगते. असा वाद संस्थेकडे पाठवायचा. संपादकांच्या हातात फक्त पेपर असतो. ते दुरुस्ती छापतील, शंका असल्याची टीप लावतील, नाहीतर पेपर मागे घेतील. सरांचं काय करायचं ते संस्था ठरवेल. यूजीसीच्या त्याच 2018 च्या नियमांत विभागाच्या समितीला 45 दिवस आणि वरच्या समितीला आणखी 45 दिवस दिलेले आहेत. पण हे नियम वाङ्मयचौर्यापुरते. सहा विहिरींचा प्रश्न त्यांत धड बसत नाही, म्हणून जर्नलचं दार आधी ठोठावायचं. कुलगुरू, संपादक आणि वर्तमानपत्र यांना एकाच दिवशी पत्रं टाकू नकोस. तसं केलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात. संपादक मख्ख बसले आणि जर्नल कोपचं सदस्य असलं, तर जर्नलची स्वतःची तक्रार-पद्धत संपवून कोपकडे जाता येतं. ते निकाल देत नाहीत, संपादकांनी रीत पाळली की नाही एवढंच बघतात.

वेळ लागेल. ऑटिझमचा संबंध लसीशी जोडणारा 1998 चा पेपर लॅन्सेटने मागे घेतला तो 2010 मध्ये. तुझं काम इतकं अडू नये, पण दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही म्हणून रडत बसू नकोस.

एक गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते. माझ्याकडे पहिल्यांदा अशी तक्रार आली तेव्हा मी ते पत्र जसंच्या तसं लेखकाला पाठवून दिलं, खाली सहीसकट. तो मुलगा त्याच विभागात होता. पुढचं वर्षभर त्याला प्रयोगशाळेची किल्ली मिळाली नाही. म्हणून पत्राच्या पहिल्याच ओळीत लिही : माझ्या लेखी परवानगीशिवाय हे पत्र लेखकांना पाठवू नये. अर्थात तुझं नाव फार काळ लपणार नाही बाप्पा, त्या विहिरींवर तूच गेली होतीस. सर तुझ्या पीएच.डी.च्या कुठल्या समितीवर असतील, तर आधी तिथून त्यांना बदलून घ्यायचा अर्ज दे, मग पत्र टाक.

आणि ती फील्डची वही. पानापानाचा फोटो काढ, तारखा दिसतील असा. कुणी "जरा बघायला दे" म्हणालं तर झेरॉक्स दे. वही घरातच राहू दे.