गाडी उभी केल्यावर रोज पिणारा ट्रक ड्रायव्हर आपल्या कामात पक्का असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. चालवताना थेंबही घेत नाही, पण गाडी उभी केली की रोज पितो. टोकलं की म्हणतो, "माझ्या कामाला आजवर कुणी नावं ठेवली नाहीत." त्याचं खरं मानावं का, असा तुमचा प्रश्न.

मी 24 वर्षं ट्रेलर चालवतोय. त्यातली पहिली 11 वर्षं रात्री पीत होतो. तुमच्या भावाचं हे वाक्य मीही कितीदा बोललोय, आणि बोलताना मला ते पूर्ण खरं वाटायचं.

त्याचा अभिमान खोटा नाही, हे आधी समजून घ्या. 40 टन वजन लांब उतारावरून खाली आणायचं तर उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्यावा लागतो आणि इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवावी लागते. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापतात, आणि खाली पोचेपर्यंत पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. ट्रेलर मागे घेताना तो उजवीकडे वळवायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवावं लागतं. हे हातात बसायला वर्षं जातात. माल जसा चढवला तसा उतरला, कुठे ओरखडा नाही, की काम झालं. त्याचं कौतुक करायला कुणी येत नाही. बाजूला उभे असलेले बाकीचे ड्रायव्हर तेवढे बघत असतात, आणि त्यांनी मान डोलावली की आम्हाला पुरतं.

मग का पितो? माझ्यापुरतं सांगतो: झोपेसाठी. दहा तास चालवून डोळे मिटले तरी रस्ता पुढे सरकतच राहतो, अंगातली थरथर जात नाही. कधी दिवसा झोपायचं, कधी रात्री, कधी माल उतरवायच्या रांगेत सात तास नुसतं बसून राहायचं. घर लांब. दोन पेग घेतले की डोळा लागतो, हे खरं आहे. पण ती झोप अर्ध्या रात्रीनंतर तुटत जाते, हे मला फार उशिरा कळलं. घशाचे स्नायू सैल पडतात, घोरणं वाढतं, आणि ज्याचा झोपेत श्वास अडकतो त्याचा जास्तच अडकतो. बसून बसून वजन वाढलेले आमच्यातले कितीतरी जण त्यातलेच. सकाळी उठतो तो थकलेला माणूस, आणि त्या थकव्यावर उतारा म्हणून रात्री पुन्हा पेग.

आता हिशेब. यकृत ताशी साधारण 100 मिलिलिटर रक्तामागे 15 मिलिग्रॅम अल्कोहोल काढतं. माणसागणिक थोडं कमी-जास्त, पण कॉफीने, गार पाण्याच्या आंघोळीने किंवा लिंबाने हा वेग वाढत नाही. 70 किलोच्या माणसाने रात्री 10 ते 12 मध्ये 30 मिलिलिटरचे आठ पेग घेतले, तर पहाटे 5 वाजता त्याच्या रक्तात 50 मिलिग्रॅमच्या आसपास उरलेलं असतं. भारतात कायद्याची मर्यादा 30 आहे. अमेरिकेत जड वाहनाच्या ड्रायव्हरला 40, आणि ड्यूटीच्या आधीचे चार तास दारू बंद, असा नियम आहे. म्हणजे चारऐवजी पाच तास आधी थांबूनही हा आकडा मर्यादेच्या वरच राहतो.

ती रात्र माझीच आहे. पहाटे 5 वाजता माल भरायच्या जागी गेटवर सगळ्यांना मशीनमध्ये फुंकायला लावत होते. मी झोपून उठलो होतो, आंघोळ केली होती, हात स्थिर होता, डोकं साफ वाटत होतं. आकडा आला 52. किल्ली काढून घेतली. माझ्या मागे जो मुलगा उभा होता त्याला ट्रेलर मागे घ्यायला मीच शिकवलं होतं. तो लगेच म्हणाला, "उस्ताद, मशीन बिघडलंय, दुसऱ्यावर बघायला सांगा." त्याने मशीनवर शंका घेतली, माझ्यावर नाही घेतली. दंडापेक्षा मला ते लागलं. कारण आकडा खरा होता, आणि असे आकडे घेऊन मी 11 वर्षांत किती सकाळी उतार उतरलो असेन, ते मोजायला कुठलंही मशीन नव्हतं.

"मला काही होत नाही" हे अनुभवी माणूसच म्हणतो, आणि धोका तिथेच आहे. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावतो. बोलणं अडखळत नाही, चाल बिघडत नाही, ओळखीचा रस्ता नीट कापला जातो. रक्तातला आकडा मात्र तेवढाच असतो, आणि समोर अचानक काही आलं की उशीर होतो. ताशी 80 च्या वेगाला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. त्यात अपुरी झोप मिळवा. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की सलग 17 तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 50 मिलिग्रॅम असलेल्या माणसाइतकी घसरते. आमच्या पहाटेत या दोन्ही गोष्टी एकत्र असतात.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तो कामात पक्का असेल, पण त्याची ड्यूटी तो समजतो त्याच्या आधी सुरू होते. सकाळी गाडी असेल त्या रात्री मी आता घेत नाही. सुरुवातीचे काही आठवडे झोप लागली नाही, केबिनमध्ये छताकडे बघत पडून राहायचो. मग हळूहळू लागायला लागली.

त्याला "पितोस का" विचारू नका, तो बंद होईल. "उद्या गाडी किती वाजता काढणार, आणि शेवटचा पेग कधी संपवलास" एवढं विचारा आणि हिशेब त्यालाच करू द्या. डिझेल आणि किलोमीटर तो रोज मांडतो, हाही मांडेल.

एका बाबतीत मात्र घाई नको. तो वर्षानुवर्षं रोज भरपूर पीत असेल, सकाळी हात कापत असतील, तर एका दिवसात बंद करायला लावू नका. अशा माणसाला दारू अचानक तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात, आणि ते स्टिअरिंगवर आले तर काय होईल ते मला सांगायला नको. डॉक्टरकडे तुम्ही स्वतः सोबत जा, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत किल्ली त्याच्या हातात जाऊ देऊ नका.