नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे. निर्गमातल्या इस्राएल लोकांकडून देवावर भरवसा ठेवायला कसे शिकावे?

आपण प्रश्नात लिहिले आहे की, चर्चच्या मंडळीतले लोक आपल्याला "इस्राएल लोकांसारखी कुरकुर करू नका, भरवसा ठेवा" असे सांगतात. हेच वाक्य मी २००३ साली माझ्या घरात ऐकले होते, म्हणून उत्तर लिहायला बसले. हे वाक्य ज्यांच्या तोंडी असते, त्यांनी बायबलमधले निर्गमाचे पुस्तक, म्हणजे मोशेच्या मागे मिसर देशाच्या गुलामगिरीतून निघालेल्या इस्राएल लोकांची हकिगत, सलग वाचलेले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे यजमान नगरजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. तो कारखाना ऐन पावसाळ्यात बंद पडला, आठ महिन्यांचा पगार आणि फंडाची रक्कम अडकली, आणि त्याच सुमारास सासूबाईंनी अंथरूण धरले. घाबरून मी हाताशी होते त्या पैशांत दोन पोती गहू भरून ठेवला. परंतु ऊनच न पडल्यामुळे तो वाळवता आला नाही आणि दिवाळीच्या आतच त्याला टोके झाले. पोत्याचे तोंड सोडले तेव्हा सुतळीवरून काळे किडे माझ्या मनगटावर चढले आणि आतून उबट वास आला.

माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तेव्हा मंडळीच्या पंचांपैकी होते आणि दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना घेत असत. त्या शनिवारी त्यांनी निर्गमाचा सोळावा अध्याय काढला, सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात (रानात देवाने रोज दिलेल्या अन्नात) किडे पडले या वचनापाशी थांबले आणि स्वयंपाकघराकडे पाहिले. मी बोलून गेले, "दादा, देव आपल्यामध्ये आहे की नाही, तेवढे सांगा." हा प्रश्न अविश्वासाचा आहे, तो विचारणाऱ्यांची प्रेते रानात पडली आणि पश्चात्ताप करीपर्यंत मी प्रभुभोजन (उपासनेतली भाकरी आणि द्राक्षारस) घेऊ नये, असे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले. मी तीन महिने घेतले नाही.

त्या तीन महिन्यांत रात्री साड्यांना फॉल लावून झाले की मी बायबलमधली निर्गम आणि गणना ही दोन्ही पुस्तके ओळीने वाचून काढली. माझा प्रश्न मला जवळजवळ शब्दशः सापडला, तो निर्गम १७:७ मध्ये. रफीदीम येथे प्यायला पाणी नव्हते, आणि लोकांनी विचारले की, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही. त्यावर तेथे कोणाचेही प्रेत पडले नाही. मोशेने देवाच्या सांगण्यावरून खडकावर काठी मारली आणि पाणी निघाले. मग मी मागे जात राहिले. समुद्राच्या काठी, मागून मिसरच्या राजाचे, फारोचे, रथ येत असताना, "मिसरात कबरी नव्हत्या म्हणून आम्हांला येथे मरायला आणले काय?" असे लोक बोलले आणि समुद्र दुभंगला. तीन दिवस पाण्याविना चालल्यावर माराचे पाणी कडू निघाले, लोकांनी कुरकुर केली आणि पाणी गोड झाले. पुढचाच मुक्काम एलीमचा, जेथे १२ झरे आणि ७० खजुरीची झाडे होती. मिसर सोडून महिना झाला तेव्हा त्यांना मांसाची भांडी आठवली, तर संध्याकाळी लावे पक्षी आले आणि सकाळी मान्ना पडला. या चारही वेळी तक्रारीला उत्तर म्हणून शिक्षा आलेली नाही.

दादा म्हणतात ती प्रेते गणनेच्या पुस्तकात पडतात. तोपर्यंत सीनाय पर्वतापाशी देवाशी करार झालेला आहे, वर्षाहून अधिक काळ रोज मान्ना मिळालेला आहे, आणि वचनदत्त देशाच्या सीमेवरून परतलेल्या १२ हेरांपैकी १० जणांचे ऐकून लोक आत पाऊल टाकायलाच नकार देतात. तहानलेल्या माणसाचे ओरडणे आणि पोट भरलेल्या माणसाचा नकार दादांनी एकाच पोत्यात भरला. माझ्या गव्हाविषयी म्हणावे, तर त्याच सोळाव्या अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेल्या मान्न्यात किडे पडत नाहीत, आणि एक ओमर (त्या काळचे धान्याचे माप) मान्ना पात्रात घालून पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवण्याची आज्ञाही आहे. माझ्या गव्हाला टोके झाले ते ओलीमुळे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. मान्ना माणशी एक ओमर, तोही त्या दिवसापुरताच मिळत असे. महिन्याभराची बेगमी कोणालाही एकदम मिळाली नाही. मला एका साडीमागे पंधरा रुपये मिळत, त्यांतून दुसऱ्या दिवसाचे पीठ आणि सासूबाईंची गोळी येत असे, आणि त्यापलीकडचा हिशेब करणे मी सोडून दिले होते. वाटेत चालून आलेल्या अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवून सूर्यास्तापर्यंत ते धरून ठेवले. शेजारच्या काकू आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, तरी मी साड्या पोचवायला जाई तेव्हा दुपारभर त्या सासूबाईंजवळ बसत असत. असे कोणी पुढे आले तर संकोच करू नका. "परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा" हे वचन (१४:१४) पुष्कळ दिनदर्शिकांवर छापलेले असते. त्याच्या पुढच्याच वचनात देव मोशेला विचारतो की, तू मला हाका का मारतोस, लोकांना पुढे चालायला सांग. ते वचन मी अद्याप एकाही दिनदर्शिकेवर पाहिलेले नाही. तेव्हा अर्ज करीत राहा आणि कंपनीकडे देणी असतील तर लेखी मागणी आजच करा.

दादांची बाजूही सांगितली पाहिजे. १७:७ मध्येच म्हटले आहे की, लोकांनी परमेश्वराची परीक्षा पाहिली, आणि ९५व्या स्तोत्रात मरीबा व मस्सा (रफीदीमच्या त्या जागेला पडलेली नावे) यांची आठवण कठोर शब्दांत केली आहे. याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. शिवाय यजमानांच्या फंडाची निम्मी रक्कम चार वर्षांनी मिळाली आणि उरलेली मिळालीच नाही, त्यामुळे खडकातून पाणी निघाल्याची साक्ष मी देऊ शकत नाही. दादा आता ८१ वर्षांचे आहेत आणि शनिवारची प्रार्थना अजून तेच घेतात. गेल्या महिन्यातही आमचे यावरून बोलणे झाले. त्यांनी ९५वे स्तोत्र काढले आणि मी खडकातून पाणी निघण्याचे वचन, निर्गम १७:६, काढून त्यांचा चष्मा त्यांच्या हातात दिला.